बाराव्या रस्त्यावरचे सात दिवे

शिकागो शहराच्या पश्चिम भागात रूझवेल्ट रोड नावाचा मोठा रस्ता आहे. जुन्या लोकांचा तो बारावा रस्ता. या रस्त्याच्या कडेला होली फॅमिलीचे, म्हणजे पवित्र कुटुंबाचे, चर्च उभे आहे. आत निरंतर सहाय्य मातेच्या प्रतिमेपुढे सात दिवे लावलेले असतात. १८७१ च्या ऑक्टोबरात बोललेला तो नवस आहे आणि दीडशे वर्षे उलटून गेली तरी धर्मग्राम तो फेडतोच आहे. पूर्वी खरी ज्योत होती, आता विजेचे दिवे आहेत. ते विझू द्यायचे नाहीत हा नेम मात्र टिकून आहे.

ही माता आपल्याला अनोळखी नाही. दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला जी रीघ लागते, तीही याच मातेसाठी. माहीमचा नोव्हेना १९४८ साली सुरू झाला. रोममध्ये ही प्रतिमा लोकांच्या दर्शनासाठी पुन्हा वेदीवर आली १८६६ साली, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी शिकागोच्या एका धर्मगुरूने तिच्याकडे आपल्या लोकांसाठी पदर पसरला. त्या नवसाची, तो बोलणाऱ्या फादरांची आणि ज्यांच्यासाठी तो बोलला गेला त्या गोरगरिबांच्या धर्मग्रामाची ही हकीगत आहे. ती सांगताना शहरातल्या इतर कॅथलिकांकडेही वळून पाहावे लागेल, कारण त्यांना वगळून या चर्चचा इतिहास पुरा होत नाही.

शिकागोतले पहिले कॅथलिक चर्च १८३३ सालचे, सेंट मेरीज. फादर जॉन सेंट सिर नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी ते उभारले. गाव तेव्हा चिखलात रुतलेले, वस्ती काही शेकड्यांची. पुढे इलिनॉय–मिशिगन कालव्याचे काम निघाले. १८३६ ते १८४८ अशी बारा वर्षे ते चालले आणि खोदकामावर मुख्यतः आयरिश मजूर होते. कालव्यापाठोपाठ रेल्वे आली, गोद्या आल्या, लाकडाच्या वखारी आल्या. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा गाव सोडून निघालेली माणसे मिळेल त्या जहाजाने अमेरिकेत उतरली आणि त्यांतली पुष्कळशी या शहरात आली. १८४३ साली शिकागोचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. विल्यम क्वार्टर हे पहिले बिशप. तेही आयर्लंडचेच.

या मजुरांकडे कुणी आदराने पाहत नव्हते. त्यांचा धर्म परका आणि त्यांची गरिबी डोळ्यांत खुपणारी. गावातले जुने प्रॉटेस्टंट व्यापारी त्यांना संशयानेच वागवत. अशा माणसांच्या वस्तीत १८५७ साली फादर अर्नोल्ड डेमेन आले.

डेमेन मूळचे हॉलंडचे, जन्म १८१५ चा. तरुणपणीच येशूसंघात दाखल होऊन ते अमेरिकेला आले आणि सेंट लुईसमध्ये त्यांची वर्षे गेली. देहाने धिप्पाड, आवाज खणखणीत. प्रवचनकार म्हणून त्यांचे नाव दूरवर पोचले होते. बिशप ओ’रीगन यांनी त्यांना शिकागोत बोलावले. शहराजवळची, बसलेल्या घडीची जागा मिळण्याजोगी असताना त्यांनी निवडला बाराव्या रस्त्यावरचा माळ. आजूबाजूला गवत, पाणथळ जमीन आणि मजुरांच्या लाकडी खोपट्या. तिथे आधी एक साधे लाकडी चर्च बांधले. ते लगेच अपुरे पडू लागले, तेव्हा शेजारी विटांचे मोठे गॉथिक चर्च बांधायचे ठरले.

१८५७ च्याच ऑगस्टमध्ये कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला ओहायो लाइफ नावाची मोठी पेढी बुडाली आणि देशभर पैशाची टंचाई सुरू झाली. बँका बंद पडल्या, कारखान्यांनी माणसे काढली. ज्यांच्या वर्गणीवर चर्च उभे राहायचे त्यांच्याच हातचे काम गेले. कुणीही शहाण्या माणसाने बांधकाम थांबवले असते. डेमेन यांनी थांबवले नाही. त्यांनी झोळी घेतली. घरोघर जाऊन, दुकानांतून, रेल्वेच्या आणि वखारींच्या मजुरांकडून ते पै-पैसा गोळा करत राहिले. आठवड्याच्या मजुरीतून एखादे नाणे बाजूला काढून देणारी मोलकरीण त्या चर्चची खरी देणगीदार. अशा बायांची नावे कुठल्या संगमरवरी पाटीवर कोरली जात नाहीत, म्हणून मुद्दाम इथे आठवण करतो. २६ ऑगस्ट १८६० रोजी चर्चचे समर्पण झाले. तीन वर्षांच्या तंगीत, भिकेच्या आणि उसनवारीच्या पैशावर, शहराच्या टोकाला एवढी मोठी वास्तू उभी राहिली होती.

चर्च झाले, पण डेमेन यांचे खरे लक्ष शाळांवर होते. मुलांना लिहिता-वाचता आले नाही तर बापाच्या हातातले फावडे पोराच्या हातात जाणार, हे त्यांना कळत होते. १८६० मध्येच सेक्रेड हार्टच्या धर्मभगिनी धर्मग्रामात आल्या. १८६७ साली आयोवातल्या डब्युक गावाहून ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेस्ड व्हर्जिन मेरी’ या संघाच्या भगिनी आल्या. लोक त्यांना थोडक्यात बी.व्ही.एम. सिस्टर म्हणत. या संघाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते एका फार दुःखद ठिकाणी पुन्हा येणार आहे. बहुतेक सिस्टर स्वतः आयरिश घरांतल्या. एकेकीपुढे बाकांवर दाटीने बसलेली साठ-साठ, सत्तर-सत्तर मुले. शाळा चालायची ती त्यांच्या जवळजवळ बिनपगारी श्रमांवर. धर्मग्रामांच्या इतिहासात धर्मगुरूंची नावे पानोपानी येतात आणि सिस्टरांची आकड्यात गुंडाळली जातात. शिकागोतही तसेच झाले आहे. पण १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाला शाळा असलीच पाहिजे असे ठरवले, त्याच्या कितीतरी आधी या बायकांनी बाराव्या रस्त्यावर ते करून दाखवले होते.

१८७० साली चर्चला लागूनच सेंट इग्नेशियस कॉलेज सुरू झाले. त्यातूनच पुढे लोयोला विद्यापीठ उभे राहिले. आपल्या वाचकांना इथे एक ओळखीचे नाव भेटेल. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांनी १९६० च्या दशकात याच लोयोला विद्यापीठात मानसशास्त्र व समुपदेशनाचे शिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांनी पुण्यात साधना संस्था सुरू केली आणि पुढे ती लोणावळ्याला नेली. मजुरांच्या मुलांना चार पुस्तके वाचता यावीत म्हणून माळावर काढलेल्या कॉलेजचा धागा असा फिरत फिरत सह्याद्रीपर्यंत आला.

आता १८७१. तो उन्हाळा कोरडा गेला होता. शहर लाकडाचे, घरे लाकडाची, पायवाटासुद्धा लाकडी फळ्यांच्या. ८ ऑक्टोबर, रविवार. रात्री नऊच्या सुमाराला डीकोव्हन रस्त्यावर पॅट्रिक आणि कॅथरीन ओलिअरी यांच्या गोठ्याला आग लागली. हे कुटुंब होली फॅमिली धर्मग्रामातलेच. चर्चपासून गोठा मैलभरही दूर नव्हता. वारा नैर्ऋत्येकडून सुटला होता. आगीने नदी ओलांडली आणि शहराचा मध्यभाग गिळून ती उत्तरेकडे गेली. मंगळवारी पाऊस आला तेव्हा कुठे ती थांबली. सुमारे तीनशे माणसे गेली, एक लाख बेघर झाली आणि सतरा हजारांहून अधिक इमारतींची राख झाली.

फादर डेमेन त्या वेळी शहरात नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ते प्रवचनमाला देत होते. तार पोचली. ते रात्रभर प्रार्थनेत राहिले आणि त्यांनी नवस केला की माझे चर्च आणि माझ्या लोकांची घरे वाचली तर निरंतर सहाय्य मातेपुढे सात दिवे अखंड तेवत ठेवीन. वारा फिरला, चर्च वाचले, धर्मग्राम वाचला. धर्मग्रामात ही गोष्ट अशीच सांगतात आणि मीही ती तशीच सांगतो.

पण एवढ्यावर थांबणे बरे नव्हे. जो वारा होली फॅमिलीवरून निघून गेला तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर गेला. शहरातले पहिले चर्च सेंट मेरीज त्या आगीत जळाले. उत्तरेकडचे होली नेमही जळाले. तिथेही आई-बाप मुलांना कवटाळून जपमाळ म्हणतच होते, त्यांची प्रार्थना काही कमी कळकळीची नव्हती. आपण वाचलो म्हणून दिवा लावावा. मात्र तो लावताना, आपल्यावरून टळलेले संकट कुणाच्या दारात गेले, हेही मनात असावे. होली फॅमिलीच्या लोकांच्या ते मनात होते, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. आग विझल्यावर चर्चची आणि नव्या कॉलेजची दारे उघडली गेली आणि बेघर माणसांना तिथे आसरा मिळाला.

आणखी एका बाईवर त्या रात्री संकट कोसळले आणि ते तिच्या मरणापर्यंत उतरले नाही. मिसेस ओलिअरी दूध काढत असताना गाईने कंदिलाला लाथ मारली आणि शहर जळाले, ही कहाणी वर्तमानपत्रांनी पसरवली. ती बाई गरीब, आयरिश, कॅथलिक आणि दूध विकून पोट भरणारी. दोष द्यायला याहून सोयीचे माणूस शहराला कुठले मिळणार? चौकशीत काहीही सिद्ध झाले नाही. आग लागली तेव्हा आपण झोपलो होतो असे तिने शपथेवर सांगितले. १८९५ साली ती वारली. शिकागोच्या नगरपालिकेने ठराव करून तिला आणि तिच्या गाईला निर्दोष ठरवले ते १९९७ साली. एकशे सव्वीस वर्षे लागली. तिच्या गोठ्याच्या जागेवर पुढे अग्निशमन दलाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि नवे जवान तिथे आग विझवायला शिकले.

आगीनंतर शहर पुन्हा बांधायला हजारो मजूर लागले आणि ते होली फॅमिलीच्या आसपासच राहिले. १८७४ मध्ये चर्चचा मनोरा पुरा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत धर्मग्रामातल्या माणसांची संख्या वीस हजारांवर गेली आणि देशातल्या इंग्रजी बोलणाऱ्या सर्वांत मोठ्या धर्मग्रामांत त्याची गणना होऊ लागली. एका धर्मग्रामात वीस हजार! सकाळपासून एकामागून एक मिस्सा, शनिवारी पापनिवेदनाच्या रांगा, सोडॅलिटीच्या सभा, दारू सोडण्याच्या शपथा, पुरुषांचे आणि बायकांचे वेगवेगळे संघ. पोर जन्मले की बाप्तिस्मा इथे, शाळा इथे, लग्न इथे आणि शेवटी शवपेटीही याच दारातून बाहेर. नोकरी हवी असली, घरमालकाशी तंटा झाला, नवरा तुरुंगात पडला, तरी माणूस आधी धर्मगुरूंच्या दारात जायचा. परक्या शहरात ज्यांचे कुणी नव्हते त्यांना धर्मग्रामाने गाव दिले.

चर्चमध्ये वर उंचावर दोन वेदीसेवकांचे लाकडी पुतळे आहेत, हातात मेणबत्त्या धरलेले. त्यांची गोष्ट धर्मग्रामातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कडाक्याच्या रात्री दोन मुलांनी दार ठोठावून धर्मगुरूंना उठवले आणि त्यांना एका मरणोन्मुख म्हातारीच्या खोलीशी आणून सोडले. तुम्हाला कुणी बोलावले, असे तिने विचारले. मुलांचे वर्णन ऐकल्यावर ती म्हणाली की माझी दोन मुले वेदीसेवक होती, पण ती केव्हाच बुडून मेली. ही गोष्ट तपासायला कुणी जाऊ नये. त्या वस्तीत नदीत आणि सरोवरात बुडून मेलेल्या मुलांच्या आया पुष्कळ होत्या, आणि आपली मुले अखेरच्या घटकेला आपल्यासाठी दिवा घेऊन येतील, या आशेवर त्या जगत होत्या.

फादर डेमेन १८९० च्या पहिल्या दिवशी ओमाहा येथे वारले. १९२७ साली शहरातल्या एका लांबच लांब रस्त्याला डेमेन अ‍ॅव्हेन्यू हे नाव देण्यात आले. आज त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या किती लोकांना तो माणूस ठाऊक असेल, कुणास ठाऊक.

होली फॅमिली आयरिशांचे. पण शिकागोत आयरिश एकटे नव्हते. जर्मन कॅथलिकांची चर्चे वेगळी, पोलिशांची वेगळी, बोहेमियनांची, लिथुएनियनांची, इटालियनांची वेगळी. प्रत्येकाला आपल्या भाषेत पापनिवेदन करायचे होते, आपल्या भाषेत गायचे होते. गुरांच्या बाजाराभोवतीच्या मजूरवस्तीत तर मैलभराच्या आत इतकी कॅथलिक चर्चे होती की एकाच्या घंटेत दुसऱ्याची घंटा मिसळायची. माणूस कुठे राहतो असे विचारले तर तो रस्त्याचे नाव न सांगता धर्मग्रामाचे नाव सांगायचा. आपल्या वसईच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पोलिशांचे सेंट स्टॅनिस्लॉस कोस्का १८६७ सालचे. शतकाच्या अखेरीस त्या एका धर्मग्रामात चाळीस हजारांच्या घरात माणसे होती. १९५० च्या दशकात शहराच्या मध्यातून द्रुतगती महामार्ग काढायचा ठरला आणि त्याच्या आखणीत हे चर्च आले. पोलिश समाज उठला, चर्च राहिले आणि रस्ता वळवावा लागला. केनेडी एक्सप्रेसवेवरून जाताना तिथे गाडी आजही वळण घेते.

इटालियनांसाठी मदर फ्रान्सिस कॅब्रिनी राबल्या. शाळा काढल्या, १९०५ मध्ये कोलंबस रुग्णालय सुरू केले आणि १९१७ साली त्याच रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. १९४६ साली त्यांना संतपद मिळाले. अमेरिकेच्या नागरिकांतून संतपदाला पोचलेल्या त्या पहिल्याच. प्रत्येकाने आपले चर्च मागण्याची ही परंपरा अजून चालूच आहे. २००१ साली रोमने शिकागोत केरळच्या सीरो-मलबार कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला. भारताबाहेरचा तो त्यांचा पहिला धर्मप्रांत. पोलिशांनी दीडशे वर्षांपूर्वी जे मागितले तेच मलयाळी कुटुंबांनी मागितले, आपली उपासना आपल्या पद्धतीने.

या सगळ्या कौतुकात एक काळी रेघ आहे आणि ती लपवली तर इतिहास लिहिण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला आपले चर्च मिळाले, कृष्णवर्णीय कॅथलिकांना मात्र जागा मिळाली ती आगीनंतरच्या नव्या सेंट मेरीजच्या तळघरात. १८८९ साली त्यांच्यासाठी फादर ऑगस्टस टोल्टन आले. १८५४ साली मिसूरीत गुलाम म्हणून जन्मलेले. यादवी युद्धाच्या काळात आई मुलांना घेऊन पळाली आणि नदी ओलांडून इलिनॉयला आली. अमेरिकेतल्या एकाही सेमिनरीने या मुलाला घेतले नाही, म्हणून तो रोमला जाऊन शिकला. १८८६ मध्ये तिथेच त्याची गुरुदीक्षा झाली. शिकागोत टोल्टननी दक्षिण भागात सेंट मोनिका हे चर्च बांधायला घेतले. पैसा नव्हता, ते शेवटपर्यंत पुरे झाले नाही. वस्तीतल्या घरांचे जिने चढत-उतरत, आजारी माणसांच्या उशाशी बसत हा माणूस झिजला. जुलै १८९७ मध्ये उष्णतेच्या लाटेत रस्त्यावर कोसळला. वय ४३. आयरिश मोलकरणींच्या नाण्यांवर जसे होली फॅमिली उभे राहिले, तसेच सेंट मोनिका कृष्णवर्णीय मोलकरणींच्या नाण्यांवर उभे राहत होते. पण शहरातल्या इतर कॅथलिकांनी त्यांना आपले मानले असते तर त्या भिंती पुऱ्या झाल्या असत्या. १९१७ साली तर आर्चबिशप मंडलाइन यांनी सेंट मोनिका फक्त कृष्णवर्णीयांसाठी राखीव केले आणि तिथल्या लोकांनी त्याला विरोध केला. वेगळे ठेवणे आणि स्वतःचे असू देणे यांतला फरक त्यांना चांगला कळत होता. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी टोल्टन यांना ‘वंदनीय’ ही पदवी दिली. शहराने त्यांना जिवंतपणी तळघर दिले होते.

विसाव्या शतकात होली फॅमिलीची वस्ती पालटली. हातात चार पैसे आलेले आयरिश पश्चिमेकडे सरकले आणि त्यांच्या घरांत इटालियन, ग्रीक, ज्यू, मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबे आली. शेजारच्याच हॉल्स्टेड रस्त्यावर जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ साली हल हाउस हे समाजसेवा केंद्र उघडले होते, ते याच गर्दीसाठी. पुढे सरकारी वसाहती उठल्या. १९६० च्या दशकात नव्या विद्यापीठासाठी इटालियनांची जुनी आळी पाडली गेली. चर्चसमोरचा रस्ता तोच राहिला, त्यावरची माणसे बदलली.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला हात धजत नाही त्याबद्दल. १ डिसेंबर १९५८, सोमवार. शहराच्या पश्चिमेला ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ धर्मग्रामाची शाळा होती आणि ती चालवत होत्या बी.व्ही.एम. सिस्टर. १८६७ साली होली फॅमिलीत आलेल्या भगिनींचाच हा संघ. शाळेत सुमारे सोळाशे मुले. दुपारचे दोन वाजून गेलेले, शाळा सुटायची वेळ जवळ आलेली. तळाशी, जिन्याखाली ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपातून आग पेटली. जिना लाकडी, दुसऱ्या मजल्यावर त्याला दार नाही. धूर आणि ज्वाळा चिमणीतून चढाव्यात तशा थेट दुसऱ्या मजल्यावर गेल्या. वरच्या वर्गांतली मुले बाहेर पडू शकेनात. खिडक्यांच्या कडा उंच, खाली जमीन दूर. काही सिस्टरांनी मुलांना जमिनीवर निजवले, काहींनी जपमाळ सुरू केली. बंब आले तेव्हा मुले खिडक्यांतून उड्या टाकत होती. ९२ मुले आणि ३ सिस्टर गेल्या.

शाळेची तपासणी काही आठवड्यांपूर्वीच झाली होती आणि शाळा त्यात पास झाली होती. इमारत जुनी म्हणून नव्या नियमांतून तिला सूट होती. पाण्याचे फवारे नव्हते, अग्निशमन दलाला जोडलेली घंटा नव्हती. नियमाने सगळे ठीक होते आणि मुले मात्र मेली. या एका दुपारनंतर देशभरच्या शाळांचे नियम बदलले. फवारे आले, बंद होणारे दरवाजे आले, दलाला थेट जोडलेल्या घंटा आल्या, आगीचे सराव नित्याचे झाले. ज्या शाळेत आपले मूल आज सुखरूप बसते, त्या शाळेच्या जिन्यावरचे दार या ९२ मुलांचे ऋणी आहे.

१८७१ ला वारा फिरला. १९५८ ला फिरला नाही. त्या दिवशी अवर लेडी ऑफ द एंजल्सच्या आयांनी कुठल्या मातेला हाक मारली नसेल? हा प्रश्न माझ्या श्रद्धेपुढे उभा आहे आणि त्याला मी उत्तर शोधून काढलेले नाही. होली फॅमिलीचे सात दिवे वाचलेल्यांचे म्हणून लावले गेले. त्या डिसेंबरनंतर माझ्या मनात ते न वाचलेल्यांचेही झाले आहेत.

१९६० च्या दशकाच्या मध्याला शिकागोच्या कॅथलिक शाळांत तीन लाखांहून अधिक मुले शिकत होती. देशात एवढी मोठी कॅथलिक शाळाव्यवस्था दुसऱ्या कुठल्याही धर्मप्रांताची नव्हती. त्यानंतर ओहोटी लागली. कुटुंबे उपनगरांत गेली, सिस्टर कमी झाल्या, धर्मगुरू कमी झाले, चर्चे एकेक करून बंद पडू लागली. आजचे पोप लिओ चौदावे शिकागोचे, जन्म १९५५ चा. ज्या सेंट मेरी ऑफ द असम्प्शन धर्मग्रामात ते लहानाचे मोठे झाले, त्याची इमारत ८ मे २०२५ रोजी त्यांची निवड झाली तेव्हा कित्येक वर्षे रिकामी पडलेली होती. पोपच्या बालपणीच्या चर्चलाही जिथे माणसे उरली नाहीत, तिथे इतरांचे काय सांगावे.

होली फॅमिलीवर हीच पाळी १९८० च्या दशकात आली. छत गळत होते, गिलावा सुटून पडत होता, मोठे चर्च बंद ठेवावे लागले. दुरुस्तीचा खर्च अवाढव्य आणि धर्मग्रामात राहिलेली माणसे गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. शेवटी येशूसंघाने निर्णय सांगितला: ३१ डिसेंबर १९९० पर्यंत दहा लाख डॉलर रोख जमले तर चर्च राहील, नाही तर पाडले जाईल. फादर जॉर्ज लेन पुढे झाले. शहरातल्या चर्चांवर आणि सिनेगॉगांवर त्यांनी पुस्तक लिहिले होते, म्हणून काय पडणार आहे ते त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत होते. त्यांचे मागणे साधे होते, प्रार्थना करा आणि पैसे पाठवा.

डिसेंबर उजाडला तरी रक्कम खूप कमी होती. मग गोष्ट वर्तमानपत्रांत गेली, दूरचित्रवाणीवर गेली आणि टपाल येऊ लागले. पाकिटात घडी घातलेली एक डॉलरची नोट आणि सोबत चिठ्ठी, माझी आजी इथे लग्नाला उभी राहिली होती. दुसऱ्या पाकिटात पाच डॉलर. या चर्चचे दारही न पाहिलेल्यांची पाकिटे, कॅथलिक नसलेल्यांचीही. शिकागोची हाडे गोठवणारी थंडी, आणि चर्चच्या पायऱ्यांवर माणसे हातात हात धरून प्रार्थनेला उभी. आयरिशांचे पणतू, शेजारच्या वसाहतींतली कृष्णवर्णीय कुटुंबे, मेक्सिकन बायका, सगळे एकाच पायरीवर. टोल्टन यांना जे शिकागो दिसले नाही ते त्या आठवड्यात या पायऱ्यांवर होते. ३१ डिसेंबरला मोजणी झाली. दहा लाखांच्या वर थोडीशीच रक्कम भरली. १८५७ च्या टंचाईत नाण्या-नाण्याने उभे राहिलेले चर्च एकशे तेहतीस वर्षांनी नोटा-नोटांनी वाचले.

याच रस्त्यावर, थोडे पूर्वेला, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे. मूळ जर्मनांचे, १९२० च्या दशकापासून मेक्सिकन लोकांचे. महाधर्मप्रांताने ते बंद केले आणि १९९६ मध्ये पाडायलाही सुरुवात झाली. होली फॅमिलीला मिळाली तशी मुदत त्यांना मिळाली नव्हती, पैसे गोळा करायला सवड नव्हती. मग धर्मग्रामातले लोक आत शिरले आणि बाहेर पडलेच नाहीत. कडाक्याच्या हिवाळ्यात, पाडकाम सुरू झालेल्या इमारतीत ते बसून राहिले. महाधर्मप्रांताचे प्रमुख कार्डिनल बर्नार्डिन यांना निर्णय फिरवावा लागला. आज रविवारी तिथे एकामागून एक स्पॅनिश मिस्सा होतात, आणि त्या संपल्या की रूझवेल्ट रोडवर आपल्या मुलांचे हात धरून घरी निघालेल्या माणसांची गर्दी होते.